नाटक, कविता, कादंबरी, कथा… जागतिक साहित्याचा एकच पेपर, अभ्यास कसा करायचा?

वाचतेय_कारेलीबागेतून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर वाचा. मी बडोद्याची, दिवसा ऑफिस आणि बाहेरून इंग्रजी घेऊन एम.ए. चालू आहे. यंदा जागतिक साहित्याचा पेपर आहे. यादी हातात आली तेव्हा खूप आनंद झाला होता, यातली निम्मी नावं लहानपणापासून कानावर आहेत पण वाचायचा योग आला नव्हता. नाटकं तीन, सोफोक्लिसचं ईडिपस, इब्सेनचं अ डॉल्स हाउस आणि ब्रेख्तचं कॉकेशियन चॉक सर्कल. कवितेत उमर खय्याम, रिल्केची पँथरवरची कविता आणि शिम्बोर्स्का. कादंबऱ्या म्हणजे चिनुआ अचेबेची थिंग्ज फॉल अपार्ट आणि हेमिंग्वेची ओल्ड मॅन अँड द सी. कथा चेखव, काफ्का आणि लू शुनच्या.

आता अडचण. नोट्स मिळाल्यात त्यात प्रत्येकाला तेच चार मथळे, लेखकाचा परिचय, कथानक, पात्रं, थीम. ईडिपसची थीम काय तर नियती. अचेबेच्या नायकाची, ओकोन्क्वोची थीम काय तर नियती आणि परंपरा. म्हाताऱ्या कोळ्याची थीम माणूस विरुद्ध निसर्ग आणि परत नियती आहेच. हे वाचून चार दिवस गेले की सगळं एकमेकांत मिसळून जातं. आणि मुख्य म्हणजे मनात येतं की सगळ्यांना जर एकच सांगायचं होतं तर एकाने नाटक का लिहिलं, दुसऱ्याने कादंबरी का लिहिली, आणि चेखवने पाच-सहा पानांत का आटपलं? याचं उत्तर नोट्समध्ये कुठेच नाही आणि मला ते खरंच हवंय, फक्त मार्कांसाठी नाही.

दुसरं म्हणजे माझी शाळा गुजराती मीडियमची, घरात मराठी, पेपर इंग्रजीत. आजोबांच्या कपाटात मराठी अनुवाद आणि रूपांतरं बरीच आहेत, ती वाचली तर चालतील का? आणि सुरुवात कुठून करू, काळाच्या क्रमाने की प्रकाराप्रमाणे? ज्यांनी हे शिकलंय किंवा शिकवलंय त्यांनी प्लीज सांगा.

दांडियाबाजारचे_काका

बेटा, "एकाने नाटक का लिहिलं" हा जो तुझा प्रश्न आहे ना तोच धरून ठेव, अख्खा पेपर त्यात आहे. मी बरीच वर्षं कॉलेजात नाटक शिकवलंय म्हणून नाटकापुरतंच लिहितो, बाकीचं जाणकार मंडळी सांगतील.

पहिली गोष्ट, नाटक मनातल्या मनात वाचू नकोस. मोठ्याने वाच, घरात कुणी रिकामं असेल तर त्याला दुसरं पात्र दे. ईडिपस घे. अथेन्सच्या प्रेक्षकाला ही गोष्ट घरून निघतानाच माहीत होती, राजाला कुणी मारलं, राणी कोण, सगळं, म्हणजे ईडिपसने नकळत स्वतःच्या बापाला मारून आईशीच लग्न केलंय. मग तो बघायला काय येत होता? तो बघायला येत होता की ज्याला माहीत नाही असा एक माणूस आपल्या डोळ्यांसमोर स्वतःचाच तपास कसा करतो. नगरात साथ आलीय, राजा जाहीर करतो की खुन्याला मी सोडणार नाही, त्याला शापही देऊन टाकतो आणि तो शाप कुणावर बसलाय हे त्या दगडी पायऱ्यांवरच्या हजारो लोकांना ठाऊक असतं. हा अनुभव कादंबरीत येणं कठीण, कारण तिथे वाचक एकटा असतो. नंतर कोरिंथहून निरोप्या येतो तो भाग तर तीन-चार वेळा वाच. तो बिचारा चांगली बातमी घेऊन आलाय, तुझे वडील वारले, आता गादी तुझी, आणि तू ज्याची भीती बाळगतोस ती सोड कारण ते तुझे खरे वडील नव्हतेच. ज्या वाक्याने तो राजाची भीती घालवायला बघतो त्याच वाक्याने राजाचा घात होतो. ॲरिस्टॉटलने पोएटिक्समध्ये नेमकं हेच उदाहरण दिलंय. आणि तुझा अनुवादाचा प्रश्न, तर ॲरिस्टॉटलचं हेच पोएटिक्स, म्हणजे काव्यशास्त्र, विंदा करंदीकरांनी मराठीत आणलंय, आजोबांच्या कपाटात असेल तर आधी ते काढ. इंग्रजी सेकंडरी पुस्तकांपेक्षा लवकर डोक्यात शिरेल.

आता इब्सेन. 1879 चं नाटक, पहिला प्रयोग त्याच वर्षी डिसेंबरात कोपनहेगनला झाला. एकच दिवाणखाना, नाताळचे दिवस. पहिल्या प्रवेशात नोरा बाहेरून येते, खिशातून बदामाची बिस्किटं काढून एक-दोन खाते आणि नवऱ्याची चाहूल लागल्यावर पुडी लपवून तोंड पुसते. नवऱ्याने बंदी केलीय ना. तो विचारतो खाल्लीस का, ती म्हणते नाही, छे. बस्स. या घरात लहानसहान गोष्टीत कसं खोटं बोलावं लागतं, आणि तिला ते किती सहज जमतं, हे एका बिस्किटात दाखवलं. कुणी भाषण केलं नाही. नोट्समध्ये लिहिलेलं असेल "नोराचे व्यक्तिमत्त्व दुहेरी आहे", त्याऐवजी तू हा प्रवेश लिही आणि त्यावर तीन वाक्यं तुझी लिही. तपासणारा थांबून वाचतो, मी स्वतः असे पेपर थांबून वाचलेत.

शेवटी ती दार लावून निघून जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण जर्मनीत एक नटी म्हणाली की मुलांना सोडून जाणारी बाई मी करणार नाही, तेव्हा इब्सेनने स्वतःच एक दुसरा शेवट लिहून दिला, ज्यात नोरा मुलांना बघून थांबते, आणि तो शेवट त्याला अजिबात आवडत नव्हता, त्याने त्याला नाटकावरचा अत्याचारच म्हटलंय. आपल्याकडे अनंत काणेकरांनी याच नाटकावरून घरकुल केलं. ही दोन्ही माहिती एका उत्तरात जोडलीस तर नाटक एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्याच्यावर काय काय दबाव येतो हे दिसतं, आणि जागतिक साहित्य म्हणजे तरी दुसरं काय!

ब्रेख्तबद्दल एवढंच की तो याच्या बरोबर उलट करतो. त्याच्या नाटकात एक गायक बसलेला असतो आणि ग्रुशा मोलकरीण मनात काय विचार करतेय ते तो गाऊन सांगतो. मूळ गोष्ट जुन्या चिनी नाटकातली. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ब्रेख्तच्या नाटकावरून अजब न्याय वर्तुळाचा लिहिलं आणि विजया मेहतांनी ते जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर बसवलं. विजयाबाईंचा जन्म बडोद्याचा बरं का. चीन, जर्मनी, कोकणचा लेखक, बडोद्याची दिग्दर्शिका, एवढा प्रवास एका गोष्टीने केलाय.

म्हणून म्हणतो नाटकापासून सुरू कर.

गोष्टवेल्हाळ_ताई

काकांचं सगळं पटलं पण सुरुवात मात्र कथांपासून कर असं मी म्हणेन. तू नोकरी करतेस, रात्री जेवणं आटपल्यावर तासभर मिळत असेल, त्यात एक कथा पूर्ण होते, आणि कथा एका बैठकीत पूर्ण झालीच पाहिजे, अर्धी ठेवून झोपलं की तिचा परिणाम गेला.

चेखवची जी कथा असते नेहमी, इंग्रजीत मिझरी नावाने येते, तीच असेल तुला. 1886 ची. योना म्हणून घोडागाडीवाला आहे, त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. बर्फ पडतोय, तो गाडीवर वाकून बसलाय, अंगावर बर्फ साठलाय तरी झटकत नाही. गिऱ्हाईक म्हणून लष्करी अधिकारी बसतो, त्याला सांगायला जातो की माझा मुलगा वारला, तो एक प्रश्न विचारतो आणि डोळे मिटून घेतो. मग तीन टवाळ पोरं बसतात, त्यातला एक म्हणतो, सगळेच मरणार आहेत, गाडी हाक. मग दरवान, मग तबेल्यातला तरुण गाडीवाला, तो पाणी पिऊन परत झोपतो. शेवटी रात्री योना घोडीला गवत द्यायला जातो आणि तिच्याशी बोलायला लागतो, ती चघळत चघळत ऐकते, त्याच्या हातावर श्वास सोडते आणि मग तो तिला सगळं सांगतो. इथे कथा संपते. आता बघ, "सगळं" म्हणजे काय ते चेखव आपल्याला सांगतच नाही. मुलगा कसा आजारी पडला, शेवटी काय म्हणाला, जे योनाला दिवसभर सांगायचं होतं ते वाचकालाही ऐकायला मिळत नाही, ते फक्त घोडीला मिळालं. कादंबरी असती तर लेखकाला ते सांगावंच लागलं असतं. कथेला थांबता येतं. तू विचारलंस ना पाच-सहा पानांत का आटपलं, तर यासाठी.

काफ्काचं बघ. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तो किडा झालेला असतो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय, आणि त्यानंतर त्याला पहिली काळजी कसली तर गाडी चुकल्याची. घड्याळात साडेसहा वाजून गेलेत, पाचची गाडी गेली, सातची तरी मिळेल का, साहेब काय म्हणेल. ज्यांनी ऑफिसची बस धरण्यासाठी आयुष्यभर धावपळ केलीय त्यांना हे वाचून पोटात गोळा येतो. सगळी भयंकर गोष्ट अगदी सरळ, कारकुनी सुरात लिहिलीय, जराही आवाज चढवलेला नाही. 1915 मध्ये पुस्तक छापायच्या वेळी काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. नोट्समध्ये "किडा हे कशाचे प्रतीक" असा प्रश्न असणारच, तिथे हे लिही.

लू शुनची वेड्याची रोजनिशी 1918 ची. रशियन लेखक गोगोलच्या कथेचं नाव घेतलंय पण गोष्ट संपूर्ण चिनी. यात सुरुवातीचा छोटा मजकूर वगळायचा नाही! बरेच जण थेट रोजनिशीवर उडी मारतात. त्या सुरुवातीत जुन्या ग्रांथिक चिनीत लिहिलंय की हा माणूस आता बरा झाला आणि सरकारी नोकरीच्या प्रतीक्षेत दुसरीकडे निघून गेला, आणि मग रोजनिशी बोलीभाषेत सुरू होते, ज्यात त्याला इतिहासाच्या पुस्तकातल्या ओळींच्या मधे "माणसं खा" असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे खरं बोलणारा वेडा होता आणि बरा झाला म्हणजे नोकरीला लागला. ती सुरुवात काढून टाकली तर नुसती एका भ्रमिष्टाची बडबड उरते.

वाचतेय_कारेलीबागेतून

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. बिस्किटाचा प्रवेश लगेच काढून वाचला, आईला नवऱ्याचं पात्र दिलं, तिने इतक्या रुबाबात म्हटलं की बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले. कपाटात विंदांचं काव्यशास्त्र आणि काणेकरांचं घरकुल दोन्ही सापडलं.

पण कवितेचं काय करू? गोष्ट असते तिथे काहीतरी धरायला मिळतं. रिल्केची कविता तीन कडव्यांची आहे, वाचून झाली, आवडली, पण त्यावर दहा मार्कांचं उत्तर काय लिहायचं ते कळत नाही. आणि कविता मूळ जर्मन, पोलिश, फार्सी, मी वाचणार इंग्रजी भाषांतर, मग मी नक्की कुणाची कविता वाचतेय?

चौथी_ओळ

कवितेवर मी लिहितो. खय्यामपासून सुरू कर, कारण बडोद्याच्या माणसाला खय्यामकडे जायला घरचा रस्ता आहे. माधव जूलियन म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन, जन्म बडोद्याचा, 1894 चा. फार्सी शिकवायचे. त्यांनी खय्यामच्या रुबाया थेट फार्सीवरून मराठीत आणल्या, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी पुस्तकावरून द्राक्षकन्या ही वेगळी केली. म्हणजे एकाच माणसाने दोन्ही वाटा चालून दाखवल्यात. तुझ्या यादीत इंग्रजी असणार ते फिट्झजेराल्डचं, 1859 चं, आणि त्याने फारच मोकळीक घेतलीय, सुट्या रुबाया घेऊन त्यांची पहाटेपासून रात्रीपर्यंत अशी माळ लावलीय. मुळात रुबाई सुटी असते, प्रत्येक आपल्यापुरती पूर्ण.

आता हे कर. माधव जूलियनांची कुठलीही एक रुबाई घे आणि पाठ कर, मोठ्याने म्हण. चार ओळी, पहिली दुसरी आणि चौथी यांचं यमक जुळतं, तिसरी मोकळी असते. ती तिसरी ओळ ऐकताना कान जुळणीची वाट बघतो, जुळणी येत नाही, क्षणभर अधांतरी, आणि चौथी ओळ येऊन पक्की बसते. खय्यामला जे म्हणायचंय की आयुष्य चार घटकांचं आहे, ते त्या तिसऱ्या ओळीत तू कानाने अनुभवतेस. याच्यावर दहा मार्कांचं उत्तर आरामात होतं. खय्याम स्वतः निशापूरचा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती होता, पंचांगाच्या सुधारणेवर काम केलेला, त्यामुळे काळ मोजणाऱ्या माणसाने काळाबद्दल लिहिलंय हेही लक्षात ठेव.

रिल्के. पॅरिसच्या प्राणिबागेतला पँथर आहे, साल साधारण 1902-03, रिल्के तेव्हा शिल्पकार रोदँच्या सहवासात होता आणि बघायला शिकत होता. तुला एक सुचवतो, पटलं तर कर. रविवारी सकाळी कमाटी बागेत जा, झूमध्ये एखाद्या पिंजऱ्यासमोर गर्दी नसताना उभी राहा आणि प्राणी गजांच्या कडेने फेऱ्या कसा मारतो ते बघ, कुठे वळतो, मान कधी वर करतो. फोन खिशात ठेव. मग घरी येऊन कविता वाच. पहिल्या कडव्यात नजर आहे, गजांमागून गज जाऊन थकलेली. दुसऱ्यात चाल आहे, लहानात लहान वर्तुळात फिरणारी. तिसऱ्यात डोळ्याची बाहुली क्षणभर उघडते, एक चित्र आत शिरतं, अंगाअंगातून जातं आणि हृदयात पोचून संपतं. बाहेरून आत, आत, आणि तिथे काहीच नाही. "मी" असा शब्द कवीने एकदाही वापरलेला नाही. दोन वेगळी इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून वाच, जिथे दोन्ही सारखी आहेत तिथे मुळात काहीतरी भक्कम आहे असं समज, जिथे वेगळी आहेत तिथे भाषांतरकाराला घाम फुटलाय. मूळ भाषा येत नसताना मुळाच्या जवळ जायचा हा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

शिम्बोर्स्काला 1996 चं नोबेल मिळालंय. तिची रिकाम्या घरातल्या मांजरीवरची कविता यादीत आहे का बघ. माणूस मेलाय आणि हे सगळं मांजरीच्या बाजूने, की जिन्यावर पावलं वाजतात पण ती नाहीत, बशीत मासा ठेवणारा हात तो नाही. आधी ती वाच, बाकीच्या आपोआप उघडतील.

मकरपुरा_लोकल

मी सगळ्यांपेक्षा वेगळं सांगणार आहे. कादंबरीपासून सुरू कर, आणि आजच. कारण कादंबरी घाईत वाचता येत नाही. कथा-कविता परीक्षेच्या आदल्या महिन्यात होतात पण अचेबे आदल्या महिन्यात घेतलास तर फक्त कथानक हाती लागेल. रोज थोडी वाच, आणि वहीत प्रकरणागणिक दोन-तीन ओळी लिही, काय घडलं ते नको, कोण कुणाशी काय बोललं आणि कुणाला बोलू दिलं नाही तेवढंच.

हे मुद्दाम सांगतोय. ताईंनी चेखवबद्दल लिहिलं ते वाचताना माझ्या लक्षात आलं की तुझ्या अख्ख्या यादीला हाच एक प्रश्न विचारता येतो, या माणसाचं ऐकणारा कोण आहे. थीम नियती, थीम परंपरा हे सोड. हा प्रश्न घेऊन एकेक बघ. योनाचं घोडी ऐकते. ग्रेगोर बंद दाराआडून जीव तोडून खुलासा करतो आणि बाहेर उभा असलेला ऑफिसचा माणूस म्हणतो हा तर जनावराचा आवाज. लू शुनच्या वेड्याचं कुणी ऐकत नाही, रोजनिशी मागे राहते. ईडिपस आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसला स्वतः बोलावून घेतो, तो बोलायला नको म्हणत असतो, शेवटी चिडून खरं बोलतो तर राजा त्याच्यावरच कटाचा आरोप करतो. नोरा शेवटच्या अंकात नवऱ्याला समोर बसवते आणि म्हणते आपल्या लग्नाला आठ वर्षं झाली, आपण दोघं आज पहिल्यांदा गंभीरपणे बोलतोय. ब्रेख्तची ग्रुशा कोर्टात गप्प उभी असते आणि तिच्या मनातलं गायक सांगतो.

आणि आता प्रकार कुठे फरक पाडतो ते बघ. नाटकात स्टेजवर कुणी ऐकलं नाही तरी प्रेक्षक ऐकतोय, म्हणून नाटकातलं न ऐकणं सगळ्यांसमोर घडतं, ते सार्वजनिक आहे. कथेत ते एका माणसापुरतं आणि एका रात्रीपुरतं. कादंबरीत मात्र ऐकण्याची अख्खी व्यवस्था उभी करता येते. अचेबेने हेच केलंय, 1958 मध्ये. पुस्तकाचे तीन भाग, पहिला सगळ्यात मोठा, आणि त्यात इग्बो लोकांची बोलायची रीत दाखवलीय, पाहुणा आला की आधी कोला नावाचं फळ फोडायचं, मग म्हणी, मग आडून आडून मुद्द्यावर यायचं, तंटा असला तर गावासमोर दोन्ही बाजू बोलणार आणि मुखवटे घातलेले पूर्वज निवाडा देणार. अनेकांना हा भाग संथ वाटतो आणि ते पानं उलटतात, नको उलटूस, कारण नंतर जे मोडतं ते हेच आहे. शेवट सांगतोय, वाचायचा असेल तर ही ओळ सोड. ओकोन्क्वो मेलाय, त्याचा मित्र जीव जळून दोन वाक्यं बोलतो आणि पुढे त्याला बोलवत नाही, आणि गोरा जिल्हा अधिकारी परत जाताना मनात म्हणतो की आपण लिहितोय त्या पुस्तकात या माणसावर एक प्रकरण होईल, प्रकरण नाही तरी एखादा परिच्छेद. ज्याच्यासाठी आपण अख्खी कादंबरी वाचली त्याला एक परिच्छेद! इथे वाचकाला जो संताप येतो तो कथेत आणता आला नसता कारण तेवढा वेळ आपण त्याच्याबरोबर राहिलेलो नसतो.

हेमिंग्वेची कादंबरी शंभर-सव्वाशे पानांची आहे, पुलंनी एका कोळीयाने या नावाने मराठीत आणलीय, ती खुशाल आधी वाच. सान्तियागोला चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळालेला नाही, बरोबरच्या पोराला आईबापांनी दुसऱ्या होडीवर पाठवलंय, आणि म्हातारा समुद्रात मोठ्याने स्वतःशी बोलतो, माशाशी बोलतो, पोरगा इथे असता तर असं पुन्हा पुन्हा म्हणतो. आणि तिचाही शेवट बघ, किनाऱ्यावरच्या हॉटेलातली एक पर्यटक बाई त्या माशाचा सांगाडा बघून विचारते हे काय, वेटर शार्कने काय केलं ते सांगायला जातो, भाषा नीट येत नाही, आणि तिला वाटतं हा शार्कचाच सांगाडा. अचेबेचा अधिकारी आणि ही बाई शेजारी ठेव. एक नायजेरियातला, एक क्युबातली, दोघंही बाहेरून आलेले, दोघांसमोर एका माणसाच्या आयुष्याचा सांगाडा पडलाय आणि दोघं चुकीचा वाचतात. फरकही लिही, बाई निरागस आहे, अधिकाऱ्याच्या हातात सत्ता आहे. तुलनेचा प्रश्न आला की हे उत्तर तुझं स्वतःचं असेल, कुठल्या नोट्समध्ये नसेल.

दांडियाबाजारचे_काका

मकरपुरा, उत्तम. टायरेसियसचं माझ्या लक्षात आलं नव्हतं या अंगाने.

मांडवी_ते_रावपुरा

थोडं पेपरच्या पहिल्या युनिटबद्दल, जागतिक साहित्य म्हणजे काय यावर एक प्रश्न हमखास असतो. 1827 च्या जानेवारीत म्हाताऱ्या जर्मन कवी गटेने त्याच्या सहकारी एकरमानला सांगितलं की आता राष्ट्रीय साहित्याला फारसा अर्थ उरला नाही, जागतिक साहित्याचा काळ आलाय, आणि हे तो एक चिनी कादंबरी वाचल्यावर म्हणाला, हे सगळे लिहितात. तू पुढे हेही लिही की त्याच्या कितीतरी आधी त्याच्या हातात शाकुंतल पडलेलं होतं. विल्यम जोन्सचं इंग्रजी 1789 चं, त्यावरून गेओर्ग फोर्स्टरचं जर्मन 1791 चं. गटेच्या फाउस्ट नाटकाच्या सुरुवातीला थिएटरचा मॅनेजर, कवी आणि विदूषक बोलतात तो प्रवेश शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीवरून सुचला असं मानतात. पुढे तोच फाउस्ट विंदांनी मराठीत आणला. एवढी एक साखळी उत्तरात आली की व्याख्या पाठ करायची गरज नाही. डेव्हिड डॅमरॉश या अभ्यासकाचं 2003 चं पुस्तक आहे, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जे साहित्य आपल्या मूळ संस्कृतीच्या बाहेर फिरतं, भाषांतरात किंवा मूळ भाषेत, ते जागतिक साहित्य. त्याला ही साखळी चपखल बसते.

मला यादीबद्दल एक तक्रार आहे, अरबीतलं काहीच नाही, बंगालीतलं नाही, नजीब महफूझ नाही, टागोरांची एक कथा नाही. पेपरला नसलं तरी वाच.

आणि पुस्तकांसाठी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा, इंटरनेटवरच्या अर्धवट पीडीएफ नको. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सगळी व्यवस्था लावून घेतली होती, खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायचे तेव्हा. आत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालपर्यंत येतो, एकदा बघच. मराठीचा साठा मोठा आहे.

वाचतेय_कारेलीबागेतून

सगळ्यांची उत्तरं वहीत उतरवून घेतली. ऐकणारा कोण हा प्रश्न घेऊन काल रात्री शिम्बोर्स्काची मांजरीची कविता वाचली, आहे ती यादीत. पण मला वाटतं तिथे प्रश्न थोडा वेगळा होतो. मांजरीला कुणी सांगितलेलंच नाही की माणूस मेलाय. ती ठरवते की तो आला की त्याच्याकडे मुद्दाम हळूहळू जायचं, रुसून, लगेच उड्या मारायच्या नाहीत. तिला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. म्हणजे हे ईडिपससारखंच झालं ना, काका? तिथे हजारो लोकांना माहीत आणि राजाला नाही, इथे मला एकटीला माहीत आणि मांजरीला नाही. नाटक आणि कविता यांची तुलना अशी केली तर चालेल का?

आणि मकरपुरा दादा, पँथर मात्र या प्रश्नात बसत नाही असं मला वाटतं, तो बोलतच नाही.

मकरपुरा_लोकल

नाही बसत, बरोबर. ओढून ताणून बसवू नकोस. उत्तरात सरळ लिही की इथे हा प्रश्न थांबतो, कारण या कवितेत आवाजच नाही, फक्त नजर आहे. त्यालाही मार्क मिळतात.

दांडियाबाजारचे_काका

चालेल काय, लिहूनच काढ. ईडिपस आणि मांजर, दीड पान, इंग्रजीत, आणि इथे टाक, मी तपासून देतो. एक करायचं, ईडिपसमध्ये कोरस, म्हणजे स्टेजवर एकत्र गाणारा नगरातल्या लोकांचा समूह आहे, तो विसरायचा नाही. प्रेक्षकाला माहीत, राजाला माहीत नाही, आणि कोरसला अर्धवट माहीत, त्यांना संशय येतो पण मानायचं नसतं. मांजरीच्या कवितेत कोरसच्या जागी काय आहे ते शोध, कपाटं, पडदे, जिना, कशातही सापडेल. पुढच्या रविवारी घरकुलचा तिसरा अंक आमच्याकडे मोठ्याने वाचायचा असेल तर आईला घेऊन ये, दांडिया बाजारातच राहतो, सकाळी सगळे घरी असतात आणि हेल्मर म्हणजे नोराचा नवरा करायला माझा मुलगा तयार आहे.